डक्टची घूं घूं आवाजानेच दाबायची कशी? फीडबॅक पद्धतीची पहिली जोडणी

सोलापुरात पारा चाळिशीपार गेला की छतावरचे डक्ट कूलर दिवसभर बंद होत नाहीत. अक्कलकोट रोड एमआयडीसीतलं कारखान्याचं ऑफिस असो की एखाद्या मंगल कार्यालयाचा हॉल, गार हवेबरोबर पत्र्याच्या डक्टमधून एकसुरी घूं घूंही खाली उतरते. हवेचा सळसळाट कान थोड्या वेळात विसरतो, ही घूं घूं मात्र डोक्यात बसते. बहुतेक वेळा ती पंख्याच्या पात्यांची असते. चार पोलची मोटर ५० हर्ट्झच्या विजेवर मिनिटाला साधारण १४४० फेरे घेते. पंखा थेट तिच्या शाफ्टवर असेल आणि त्याला ६ पाती असतील, तर १४४० गुणिले ६ भागिले ६०, म्हणजे १४४ हर्ट्झ. पट्ट्यावर चालणारा पंखा असेल तर पुलीच्या मापाने हिशेब बदलतो, पण रीत तीच.

अशा वेळी पहिला उपाय सुचतो तो डक्टला आतून ग्लासवूल किंवा फोम चिकटवण्याचा. वरच्या पट्टीतल्या आवाजाला तो उत्तम, आणि स्वस्तही. पण ३५ अंश तापमानाच्या हवेत आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३५२ मीटर असतो, म्हणजे १४४ हर्ट्झच्या तरंगाची लांबी जवळजवळ अडीच मीटर. दोन इंची अस्तराचा अशा तरंगावर फारसा परिणाम होत नाही. इथे उलटा आवाज, म्हणजे मूळ आवाजाचा दाब चढतो तेव्हा उतरणारा आवाज, सोडून मूळ आवाज खाण्याची युक्ती कामाला येते. पाउल ल्युएग या जर्मन माणसाने १९३३ साली तिच्यासाठी पेटंटचा अर्ज केला, आणि अमेरिकेतलं पेटंट त्याला १९३६ साली मिळालं. त्याची कल्पना अशी होती: नळीत आधी माइक, पुढे स्पीकर, येणारा आवाज आधी ऐकायचा आणि तो पोचेपर्यंत उलटा तयार ठेवायचा. याला फीडफॉरवर्ड म्हणतात. दुसरा रस्ता हॅरी ओल्सन आणि एव्हरेट मे यांनी १९५३ साली मांडला. माइक स्पीकरच्या अगदी जवळ ठेवायचा, तिथे जो आवाज उरलाय तोच उलटा करून स्पीकरला द्यायचा, आणि हे चक्र अखंड चालू ठेवायचं. हा फीडबॅक.

नवख्याने फीडबॅकपासून सुरुवात करावी असं माझं मत आहे. एकच माइक लागतो, कॉम्प्युटर लागत नाही, आणि चूक झाली तर ती लपत नाही, शिट्टी मारून सांगते.

काय होईल, काय होणार नाही

यंत्रमागाच्या शेडमधला खटाखट आवाज या पद्धतीने कमी होईल का, हा प्रश्न सोलापुरात हमखास येतो. होणार नाही. तो आवाज चहूबाजूंनी येतो, तुटक ठोक्यांचा असतो आणि त्याच्यात सगळ्या पट्ट्या मिसळलेल्या असतात. तिथे कानात इअरप्लगच हवेत.

डक्टची गोष्ट सोपी होते ती एका कारणाने. ठरावीक वारंवारतेच्या खाली आवाज नळीतून सपाट तरंग म्हणून चालतो, म्हणजे नळीच्या आडव्या छेदात सगळीकडे दाब सारखा. म्हणून एक माइक आणि एक स्पीकर पुरतो. गोल नळीसाठी ही मर्यादा आवाजाच्या वेगाला व्यासाने भागून ०.५८६ ने गुणलं की मिळते. चौकोनी डक्टसाठी वेग भागिले मोठ्या बाजूची दुप्पट. दोन फुटी डक्टला ती सुमारे २९० हर्ट्झ येते, चार इंची पाइपला साधारण १९०० हर्ट्झच्याही पुढे. याच्या वरचा आवाज अस्तरावर सोपवा.

आता एकच सूत्र, पण ते पाठ पाहिजे. माइकपासून निघालेला सिग्नल इलेक्ट्रॉनिक्स, स्पीकर आणि हवा असा फेरा मारून माइकपाशी परत येतो. परत येताना तो किती पट झालेला असतो, त्याला लूप गेन म्हणू. तो बरोबर उलट्या फेजमध्ये परतला (फेज म्हणजे तरंग आपल्या चक्रात किती अंश पुढे-मागे आहे ते; उलटा म्हणजे १८० अंश), तर उरलेला आवाज म्हणजे मूळ आवाज भागिले १ अधिक लूप गेन. लूप गेन १ असेल तर आवाज निम्मा, ६ डेसिबलची घट. ३ असेल तर पाव, १२ डेसिबल. ९ असेल तर दहावा हिस्सा, २० डेसिबल.

मग गेन वाढवतच का नेऊ नये? कारण फेऱ्याला वेळ लागतो. माइक स्पीकरपासून १० सेंटिमीटरवर असेल तर हवेतच ०.२८ मिलिसेकंद जातात. १४५ हर्ट्झला हा उशीर १५ अंशांचा, म्हणजे क्षुल्लक. ५०० हर्ट्झला तो ५१ अंश, १००० हर्ट्झला १०२ अंश. त्यात स्पीकरचा आणि फिल्टरचा उशीर मिळवा. कुठेतरी वर एक वारंवारता अशी येतेच, जिथे उलटा म्हणून सोडलेला आवाज फिरून सुलटा पोचतो. तिथे लूप गेन १ झाला की लग्नाच्या मांडवात माइक मारतो तशी शिट्टी. आणि १ व्हायच्या आधीही त्या भागात आवाज कमी होण्याऐवजी वाढत असतो. पाण्याने भरलेली पखाल एका जागी दाबली की दुसरीकडे फुगते, तसंच हे. हे गणिताने सिद्ध झालेलं आहे, कितीही महागडी वस्तू आणली तरी त्यातून सुटका नाही. आपल्या हातात एवढंच: कुठे दाबायचं ते निवडणं, आणि फुगवटा रुंद पट्ट्यावर पसरवून पातळ करणं.

सामान

आधी टेबलावरची प्रतिकृती करा. खऱ्या डक्टवर चढून शिकायला जाऊ नका.

ड्रेनेजच्या कामाचा ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप, दहा फुटी एक नग. त्याच मापाची एक टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड. चार इंची दोन वूफर. शक्यतो कागदी शंकूपेक्षा पॉलिप्रॉपिलीनचा शंकू बघा. बारा व्होल्टवर चालणारे छोटे दोन ॲम्प्लिफायर बोर्ड, १० ते २० वॉटचे पुरतात. इलेक्ट्रेट माइकची कॅप्सूल. टीएल०७४ ही आयसी, तिच्यात चार ऑप-अँप, म्हणजे सिग्नल वाढवणारे छोटे भाग, असतात. १०० किलोओहमचे दोन पॉट (बटणाने फिरवायचे बदलते रेझिस्टर), ५ किलोओहमचा एक प्रीसेट (स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा छोटा पॉट), ०.१ मायक्रोफॅरडचे चांगले फिल्म कपॅसिटर, फुटकळ रेझिस्टर. प्लायवूडचे तुकडे, एम-सील, रबरी ग्रोमेट. आणि एक जुना टॉवेल, जो सोलापुरात विकत घ्यावा लागू नये.

माइकबद्दल एक इशारा. बाजारात तयार माइक मॉड्यूल मिळतात, त्यांतल्या काहींत आवाज वाढला की गेन आपोआप कमी होण्याची सोय असते. बोलण्यासाठी ती छान, आपल्यासाठी घातक. लूप गेन तुमच्या हातातून निघून जातो आणि मोजलेलं काहीच खरं राहत नाही. मोबाइलला लावायच्या कॉलर माइकमध्येही असलं काही असू शकतं. म्हणून साधी कॅप्सूल आणि स्थिर गेनचा प्रीॲम्प, म्हणजे माइकचा बारीक सिग्नल वाढवणारा भाग.

पाइप जोडणं

पाइप २.४ मीटर आणि ०.६ मीटर असा कापा, मध्ये टी बसवा. लांब तुकड्याच्या टोकाला गोंगाटाचा स्पीकर लावा, तोच आपला नकली पंखा. आखूड तुकड्याचं टोक उघडं. टीच्या आडव्या तोंडावर दुसरा, म्हणजे कंट्रोलचा स्पीकर.

ही मापं उगाच नाहीत. एका टोकाला बंद, दुसऱ्या टोकाला उघड्या तीन मीटरच्या नळीत अनुनाद येतात ते सुमारे २९, ८७ आणि १४५ हर्ट्झला. तिसरा आपल्या पंख्याच्या सुराशी जुळतो, आणि त्या सुराला बंद टोकापासून २.४ मीटरवर दाब सर्वांत जास्त असतो. दाब जिथे जास्त, तिथे स्पीकरची पकड बसते. टी चुकून १.८ मीटरवर बसली तर तिथे त्या सुराचा दाब जवळजवळ शून्य असतो, मग गेन कितीही फिरवा, काही घडत नाही, आणि माणूस बिचारा सर्किटमध्ये दोष शोधत बसतो.

दोन्ही स्पीकरची पाठ प्लायवूडच्या हवाबंद डबीत बंद करा. उघडी ठेवलीत तर मागून निघणारा आवाज खोलीत पसरून तुमची सगळी मोजमापं नासवतो. सांध्यांना एम-सील. बोटाने चाचपून हवा गळतेय का ते बघा. लहानशी फटही खालच्या वारंवारतांना खाते.

माइक कुठे? टीच्या मध्यरेषेपासून उघड्या टोकाकडे १० सेंटिमीटरवर, पाइपच्या भिंतीत भोक पाडून, ग्रोमेटमध्ये, भिंतीशी सपाट. जवळ असलेला माइक चांगला हे वर म्हटलंच, मग अगदी शंकूसमोर का नको? स्पीकरच्या तोंडाशी सपाट तरंगाखेरीज एक स्थानिक दाबही असतो, जो पुढे सरकत नाही, जागीच विरतो. माइक तिथे असला तर तो त्या स्थानिक दाबाला शांत करतो आणि पुढे जाणारा आवाज तसाच राहतो. एक व्यास अंतरावर हा स्थानिक भाग दोन-तीन टक्क्यांवर येतो. म्हणून चार इंची पाइपला चार इंच. उशीर आणि खोटेपणा यांच्यामधली ही तडजोड आहे, आणि मोठ्या डक्टमध्ये ती महागात पडते, कारण तिथे एक व्यास म्हणजे दोन फूट.

उघड्या टोकात टॉवेल सैल घडी करून साधारण एक फूट आत भरा. उघडं टोक खालच्या आवाजाला जवळजवळ भिंतीसारखंच परत फेकतं. टॉवेलमुळे अनुनादांची शिखरं बुटकी होतात, आणि बुटक्या शिखरांवर लूप सांभाळणं किती तरी सोपं. प्रतिकृतीपुरतंच हं. खऱ्या डक्टमध्ये कापडाला थारा नाही, आगीचा धोका असतो आणि हवाही अडते.

सर्किट

टीएल०७४ मधल्या चार ऑप-अँपना चार कामं वाटून द्या.

पहिला माइकचा प्रीॲम्प, गेन साधारण ५० ते १००. त्याच्या आउटपुटला उलटसुलट दोन एलईडी जमिनीशी जोडा, मध्ये एक किलोओहमचा रेझिस्टर घालून. शिट्टी सुटलीच तर सिग्नल तिथेच छाटला जातो आणि स्पीकरची कॉइल जळत नाही. हे आधी करा, नंतर करू म्हणून सोडू नका.

दुसरा फेज फिरवणारा, म्हणजे ऑल-पास. यात ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि १०० किलोओहमचा पॉट घेतला तर १४५ हर्ट्झला फेज शून्यापासून सुमारे १६७ अंशांपर्यंत मागे नेता येतो. उरलेला अर्धा भाग स्पीकरच्या वायरी उलटसुलट करून मिळतो.

तिसरा बँड-पास. आपल्याला १४५ च्या आसपासच गेन हवाय, बाकी सगळीकडे तो मेला पाहिजे. मल्टिपल फीडबॅक रचना घ्या: दोन्ही कपॅसिटर ०.१ मायक्रोफॅरडचे, इनपुटचा रेझिस्टर ३३ किलोओहम, फीडबॅकचा ६८ किलोओहम आणि जमिनीकडे जाणारा सुमारे १.९ किलोओहम. या शेवटच्या जागी ५ किलोओहमचा प्रीसेट लावलात तर पट्ट्याची रुंदी न बदलता मध्य सरकवता येतो. याचा क्यू, म्हणजे फिल्टर किती अरुंद आहे त्याचा आकडा, ३ च्या आसपास बसतो. क्यू १० करून सुरी धारदार करावी असा मोह होतो, पण धारदार फिल्टरमध्ये फेज झपाट्याने पालटतो आणि पंख्याचा वेग जरासा घसरला की लूप भलतीकडे जातो.

चौथा बफर, म्हणजे सिग्नल न बदलता पुढे देणारा, गेनच्या पॉटनंतर. त्यातून पुढे पॉवर ॲम्प्लिफायर.

कुठेही जादा फिल्टर घालू नका. वरचा आवाज कापू या म्हणून लावलेला लो-पास, ज्या वारंवारतेला कापतो तिच्या कितीतरी खालपासून फेज मागे खेचत असतो. प्रत्येक फिल्टर म्हणजे माइक थोडा लांब सरकवण्यासारखंच.

आधी मोजा

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा आहे आणि सगळ्यात जास्त गाळला जाणाराही. लूप जोडून बटण फिरवत बसलं की कधी शांतता मिळते, कधी शिट्टी, आणि कशामुळे काय झालं ते कळत नाही.

बफर आणि पॉवर ॲम्प्लिफायर यांच्यामधली वायर काढा. लूप इथे तुटला. गोंगाटाचा स्पीकर बंद. मोबाइलच्या टोन जनरेटर ॲपमधून पॉवर ॲम्प्लिफायरला एकेक सूर द्या आणि बफरमधून काय बाहेर येतं ते बघा. कॉलेजच्या प्रयोगशाळेत ऑसिलोस्कोप असेल तर दिलेला सिग्नल एक्सवर, परतलेला वायवर घ्या. पडद्यावर तिरपी लंबवर्तुळं दिसतील. उजवीकडे वर जाणारी सरळ रेषा म्हणजे सिग्नल सुलटा परतला, ही धोक्याची. डावीकडे वर जाणारी रेषा म्हणजे बरोबर उलटा, ही हवी. पूर्ण उभं-आडवं लंबवर्तुळ म्हणजे ९० अंश. स्कोप नसेल तर स्टिरिओ लाइन-इन असलेलं साऊंड कार्ड घ्या, दोन चॅनलवर दोन सिग्नल एकत्र रेकॉर्ड करा. दोन्ही एकाच वेळी नोंदले जात असल्यामुळे कार्डाच्या स्वतःच्या उशिराने बिघडत नाही.

४० हर्ट्झपासून १५०० हर्ट्झपर्यंत जा. ४०० च्या खाली १० हर्ट्झच्या पावलाने, १२० ते १७० मध्ये २-२ हर्ट्झने. वहीत तीन रकाने: वारंवारता, किती पट, किती अंश. कंटाळवाणं आहे, मान्य. पण या वहीतच पुढची सगळी उत्तरं असतात.

आता बँड-पासचा प्रीसेट आणि फेजचा पॉट असे लावा की १४५ ला रेषा डावीकडे झुकेल. पॉट जितका कमी फिरवून हे जमेल तितकं बरं. ८० अंश फिरवण्यापेक्षा स्पीकरच्या वायरी उलटून काम भागतंय का ते आधी बघा. चार इंची वूफरचा स्वतःचा अनुनादही बहुधा १०० च्या वरच कुठेतरी असतो, आणि त्याच्या दोन बाजूंना फेज मिळून जवळजवळ १८० अंश फिरतो. तुमचा आकडा माझ्या आकड्याशी जुळणार नाही, ते ठीकच.

इथे नवख्यांचा एक गैरसमज काढायला हवा. फेज अंशाअंशाने जुळला पाहिजे असं वाटतं. फीडफॉरवर्डमध्ये ते खरंच आहे, २० डेसिबलसाठी सहा अंशांची चूकही चालत नाही. फीडबॅकमध्ये सुराच्या जागी फेज ढिला चालतो. लूप गेन ३ असताना ३० अंशांची चूक झाली तर १२ च्या जागी ११.८ डेसिबल मिळतात. ६० अंशांची झाली तरी ११. धोका सुराच्या जागी नसतोच. तो असतो जिथे गेन उतरत उतरत १ च्या जवळ येतो, त्या दोन कडांना. म्हणून वहीत १४५ ची ओळ एकदा बघा आणि कडांच्या ओळी दहादा.

वहीत शोधायचं ते असं: सुलटा फेज, म्हणजे उजवीकडची रेषा, कुठे कुठे आली? तिथे किती पट आहे? त्यांतला सर्वांत मोठा आकडा धरा. गेनचा पॉट एवढाच वाढवायचा की तो आकडा पावाच्या, म्हणजे ०.२५ च्या वर जाणार नाही. पुस्तकं ०.५ पर्यंत परवानगी देतात, पण ०.५ ला त्या जागचा आवाज दुप्पट, म्हणजे ६ डेसिबलनी वाढलेला असतो. ०.२५ ला वाढ अडीच डेसिबलपुरती राहते. मालकाला घूं घूं गेल्याचं कौतुक दोन दिवस टिकतं, नव्या गुणगुणीची तक्रार मात्र कायमची.

लूप बंद करणं

कानात इअरप्लग घाला. पाइपच्या तोंडाशी कान नेऊ नका. गेन शून्यावर, वायर परत जोडली, गोंगाटाच्या स्पीकरला १४५ हर्ट्झचा सूर. आता गेन सावकाश वाढवा. सूर बारीक होत जाईल. हिशेबाने ठरवलेल्या जागी थांबा.

मध्येच शिट्टी आली तर गेन शून्यावर आणा आणि शिट्टीची पट्टी आठवा. मोबाइलवर स्पेक्ट्रम दाखवणारं ॲप चालू ठेवलं असेल तर आकडाच मिळेल. ७००-८०० च्या वरची कर्कश शिट्टी असेल तर हवेतला उशीर किंवा माइकची जागा दोषी. बहुधा बँड-पासच्या पलीकडून गेन गळतोय, वायरी आणि ग्राउंड तपासा. लक्ष्याच्या थोडी वर किंवा थोडी खाली, १२० किंवा १७० च्या आसपास कण्हल्यासारखा आवाज आला तर फेजचा पॉट एका कडेकडे जास्त झुकलाय. तो अशा बाजूला फिरवा की दोन्ही कडांना सारखी मोकळीक मिळेल. ८७ ला गुरगुर झाली तर पाइपचा दुसरा अनुनाद जागा झाला आहे, टॉवेल थोडा दाट करा. आणि गेन वाढवताच आवाज सरळ वाढत गेला, शिट्टीबिट्टी काही नाही, तर स्पीकरच्या वायरी उलट्या लागल्यात.

सूर दबला की नुसत्या सुरावर समाधान मानू नका. खऱ्या कूलरचं रेकॉर्डिंग करून तेच गोंगाटाच्या स्पीकरवर वाजवा. सुराचा भाग खाली जाईल, वाऱ्याचा सळसळाट तसाच राहील. तो राहणारच.

खरंच कमी झालं का?

फीडबॅकचा माइक कमी दाखवतो म्हणजे आवाज कमी झाला असं नाही. तो माइक स्वतःपुरतं बोलतो. दुसरा माइक किंवा मोबाइल पाइपच्या तोंडापासून अर्धा मीटर दूर, थोडा बाजूला धरा. लूप चालू, लूप बंद, असं आलटून पालटून पूर्ण स्पेक्ट्रम घ्या. तीन-चार वेगवेगळ्या जागी. फुगवटा कुठे आलाय ते याच चित्रात दिसतं.

साउंड मीटर डीबीएवर, म्हणजे खालच्या पट्टीतला आवाज कमी धरणाऱ्या ए-वेटिंगवर, असेल तर निकाल बघून निराश व्हाल. ए-वेटिंग १४५ हर्ट्झच्या आवाजातून सुमारे १४-१५ डेसिबल आधीच वजा करतं, त्यामुळे सूर १२ डेसिबल खाली जाऊनही मीटरचा आकडा एखाद-दुसऱ्याने हलतो. कानाला मात्र फरक स्पष्ट कळतो. ध्वनी प्रदूषणाच्या नियमांतल्या मर्यादा, उदाहरणार्थ निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५, डीबीएमध्येच आहेत. शेजाऱ्याने तक्रार केली म्हणून हे यंत्र बसवत असाल तर ही गोष्ट आधीच लक्षात घ्या. आकडा खाली आणायला अस्तरच जास्त उपयोगी पडेल.

खऱ्या डक्टवर जाताना

दोन फुटी डक्टला मोठा राक्षसी स्पीकर लागेल असं वाटतं. हिशेब वेगळं सांगतो. १०० डेसिबलचा १४५ हर्ट्झचा सूर मारायला आठ इंची स्पीकरचा शंकू पाव मिलिमीटरच हलावा लागतो. वारंवारता खाली गेली की हालचाल त्याच प्रमाणात वाढते, ५० हर्ट्झला ती तिप्पट. खरी अडचण जागेची आणि हवेची.

डक्टचा सरळ तुकडा निवडा, एल्बो आणि डँपरपासून दूर. माइकवर वारा आदळला की तो गुरगुर ऐकतो, जी आवाज नसून हवेची खळबळ असते. लूप तिला खरा आवाज समजून उलटी करतो आणि स्पीकरमधून नवीन गोंगाट सोडतो. म्हणून माइक भिंतीत सपाट, वर फोमची जाड टोपी. कूलरची हवा ओलसर असते, आणि सोलापूरची धूळ सांगायला नको. कॅप्सूल हंगामात एकदा बदलायची वस्तू आहे असंच धरून चाला, आणि ती बाहेरून स्क्रू काढून निघेल अशी बसवा.

वीज गेली-आली की ॲम्प्लिफायर चालू होताना धप्प आवाज येतो आणि लूप काही क्षण वेडावाकडा असतो. स्पीकरच्या वाटेत तीन-चार सेकंद उशिराने जुळणारा रिले घाला.

मग तापमान. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या सुमाराला पहाटे १५ अंश असतं तेव्हा आवाजाचा वेग ३४० असतो, मेच्या दुपारी ४० अंशाला ३५५. आपल्या तीन मीटरच्या पाइपचा १४५ चा अनुनाद एवढ्याने सहा-सात हर्ट्झ सरकतो. लांब डक्टमध्ये अनुनाद जवळ जवळ असतात, तिथे हे सरकणं जास्त बोचतं. थंडीत जुळवलेला लूप उन्हाळ्यात कण्हू शकतो. कूलर चालतो उन्हाळ्यातच, म्हणून मोजमापही मार्चनंतर दुपारी करा, आणि पंखा त्याच्या सगळ्या वेगांवर चालवून बघा.

डिजिटलकडे कधी वळावं

पंख्याला व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र, असेल, सूर दिवसभर इकडेतिकडे फिरत असेल, तर ॲनालॉग बँड-पास पुरणार नाही. तेव्हा प्रोसेसर. त्यातली रूढ युक्ती अशी: स्पीकर ते माइक या वाटेचं मॉडेल प्रोसेसरमध्ये ठेवायचं, माइकच्या सिग्नलमधून आपणच सोडलेल्या आवाजाचा अंदाज वजा करायचा, उरतो तो मूळ गोंगाट. त्यावरून पुढचा आवाज भाकीत करून फिल्टर स्वतःला जुळवून घेतो. एकसुरी आवाजाचं भाकीत सहज होतं, म्हणून थोडा उशीरही खपतो. सळसळाटाचं भाकीत होत नाही. मॉडेलचा फेज खऱ्या वाटेपेक्षा ९० अंशांहून जास्त चुकला की फिल्टर शिकण्याऐवजी बिथरतो, त्यामुळे वहीतली मोजमापं इथेही सुटत नाहीत.

लॅपटॉप आणि यूएसबी साऊंड कार्डवर हे करायला बसू नका. ऑडिओ बोर्ड सहसा १२८ नमुन्यांचे (सिग्नलच्या एकामागून एक घेतलेल्या मापांचे) गठ्ठे करून काम करतात. सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या दराने एक गठ्ठा म्हणजे २.९ मिलिसेकंद. तेवढ्यात आवाज हवेत एक मीटर गेलेला असतो. दहा सेंटिमीटरसाठी एवढी घासाघीस करून मग माइक एक मीटर लांब ठेवल्यासारखंच ते. एकेक नमुना लगेच वाचणारा आणि लगेच लिहिणारा मायक्रोकंट्रोलर बघा, ज्याचा एडीसी (सिग्नलचे आकडे करणारा भाग) स्वतः आत फिल्टरचा उशीर करत नाही.